उबेचा कोपरा

सोमवारी सकाळी सुवर्णाने काचेवरचं बर्फ नखाने खरवडून बाहेर पाहिलं, तर समोरचा डोंगर नव्हता. नदी नव्हती, नदीवरचा लोखंडी पूल नव्हता. पांढरा भुगा आडवा उडत होता आणि निद्रालयाच्या अंगणातला दिव्याचा खांबही त्यात अर्ध्यावर पुसला गेला होता. बाहेर उणे सव्वीस अंश, आत निजखोलीत साडेपाच. आतला आकडा ठीक होता, म्हणून तिने चहा टाकला.

स्पितीच्या खोऱ्यातल्या किब्रांग गावात तिचा हा पाचवा हिवाळा. ती मूळची कोरेगावची. साताऱ्याच्या रुग्णालयात तिने सतरा वर्षं परिचारिका म्हणून काम केलं होतं. आता बर्फाचं तिला नवल राहिलं नव्हतं. एरवी ते दोन दिवस पडे, तिसऱ्या दिवशी ऊन येई आणि गावातल्या बायका छपरं झाडायला शिड्या लावत. या वेळी मात्र अंदाजात सलग पाच दिवस सांगितले होते.

निजखोलीत सातजण झोपले होते. नोव्हेंबरच्या अखेरीला झोपलेले हे लोक एप्रिलच्या मध्यावर उठायचे होते. त्यांतला एक विश्वास, सुवर्णाचा नवरा.

या झोपेचं मूळ फिया नावाच्या प्राण्यात होतं. फिया म्हणजे हिमालयातली गुबगुबीत, मांजराहून थोराड खार म्हणायला हरकत नाही. ऑक्टोबरात ती बिळात शिरते आणि एप्रिलमध्ये बाहेर येते. मधल्या काळात तिच्या हृदयाचे मिनिटाला चार-पाचच ठोके पडतात आणि अंग बिळातल्या मातीइतकं गार होतं. मेंदूत शरीराचं तापमान ठरवणारं एक ठाणं असतं. फियाचा मेंदू थंडीच्या तोंडावर एक द्रव्य सोडून त्या ठाण्याचा काटाच खाली ओढतो. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेने ते द्रव्य वेगळं काढलं, माणसाला चालेल असं केलं आणि त्याला शिशिरीन हे नाव दिलं. आधी ते मोठ्या शस्त्रक्रियांसाठी वापरलं गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की अंग गार पडलं की त्यातली सगळीच कामं मंदावतात, आणि आजारही शेवटी अंगातलंच एक काम. पाच महिन्यांच्या झोपेत आजार जेमतेम दहा दिवस पुढे सरकतो. ज्यांच्या हातात वेळ थोडा होता त्यांना ही मोठीच गोष्ट वाटली.

झोपेला थंडी लागते, तीही बेताची. पुण्यात पाच महिने ती टिकवणं कठीण. स्पितीत ती आपसूक होती, खोली फार गारठू नये एवढंच पाहायचं. खोली दोन अंशांच्या खाली गेली तर बोटं, कान, नाक गोठायला लागतात. बिळातली फिया अशा वेळी आपोआप थोडी चरबी जाळून सावरते, पण शिशिरीन घेतलेल्या माणसाची ती जाणीवच बंद असते. आणि दहाच्या वर गेली तर माणूस जागा व्हायला लागतो.

विश्वास वीज मंडळात अभियंता होता. स्नायूंना आज्ञा नेणाऱ्या त्याच्या चेतापेशी एकेक करून मरत होत्या. आजार समजला तेव्हा मुलगी केतकी दहावीत होती आणि डॉक्टरांनी अडीच वर्षं सांगितली होती. औषध येतंय, साधारण तीन वर्षं लागतील, असंही सांगितलं होतं. मग हिवाळे झोपून काढायचे आणि उन्हाळे जगायचे असं दोघांनी ठरवलं. निद्रालय चालवणाऱ्या संस्थेला किब्रांगला राहणारी परिचारिका हवीच होती. केतकी कोल्हापूरला मावशीकडे राहिली, हे दोघं इकडे आले. चार हिवाळे तसे गेले. विश्वास एप्रिलमध्ये उठे, दोन दिवस श्वासाच्या यंत्रावर राही, मग मे महिन्यात केतकी येई. आता त्याला काठीशिवाय चालता येत नव्हतं, बोलणं जड झालं होतं, पण तो होता.

मंगळवारी दुपारी वीज गेली. ओढ्यावरच्या छोट्या वीजघराचं पाणी तोंडाशीच गोठलं होतं, आणि खालून येणारी तार बर्फाच्या भाराने कुठेतरी तुटली होती. बॅटऱ्यांनी संध्याकाळपर्यंत तग धरला. सुवर्णाने उपग्रहाच्या फोनवरून पुण्याला डॉ. सबनिसांना गाठलं. शिशिरीन माणसांवर पहिल्यांदा वापरणाऱ्यांपैकी ते एक होते आणि फोन स्वतः उचलत.

"खोलीत किती आहे, सिस्टर?"

"साडेतीन. दर पाच-सहा तासांना अर्धा अंश उतरतंय."

"केरोसीन?"

"आहे. पण एवढी मोठी खोली राखायची तर दीड दिवस पुरेल. एकेकाला लहान खोलीत घेऊन उठवायचं म्हटलं तर तिघांपुरतं."

"हेलिकॉप्टर रविवारच्या आधी उडत नाही. नियमाप्रमाणे जो सगळ्यात आजारी त्याला आधी उठवायचं."

सगळ्यात आजारी कोण, ते दोघांनाही माहीत होतं.

"त्यांना उठवायला श्वासाचं यंत्र लागतं, सर. यंत्राला वीज लागते."

"मला कल्पना आहे. नियम करताना हा विचार झाला नव्हता. तिथल्या प्रमुख तुम्ही आहात. काय करायचं ते तुम्ही ठरवा, मी तुमच्यामागे उभा राहतो."

फोन ठेवून ती निजखोलीत आली. विश्वासच्या जागी दुसरं कुणी असतं, तर आपण नियम पाळला असता का? तिने भिंतीवरचं थर्मामीटर पुन्हा पाहिलं.

बुधवारी उजाडता उजाडता अंगमोताई आली. साठीची ही बाई निद्रालयात स्वयंपाक आणि झाडलोट करी. तिचं घर दोनशे पावलं खाली, उतारावर. दोघी हिंदीतच बोलत, तीही आपापल्या वळणाची. अंगमोताईच्या लोकरी झग्याच्या खिशात दुधाची बाटली होती, आणि दूध गोठलेलं नव्हतं.

"आत्ता काढलंत?" सुवर्णाने विचारलं.

"हो. वर चूल पेटवली तरी बोटं वळत नाहीत. खाली गोठ्यात मात्र मी हातमोजे काढून धार काढते."

सुवर्णाने बाटली हातात धरली आणि तशीच उभी राहिली. मग भिंतीवरचं थर्मामीटर काढून खिशात घातलं, बूट चढवले आणि म्हणाली, "चला, मला गोठा दाखवा."

तिकडची घरं दुमजली असतात. खाली जनावरं, वर माणसं, म्हणजे जनावरांची ऊब वर चढते. अंगमोताईचा गोठा बुटका होता, दोन-दोन हात जाड दगडी भिंतींचा. आत चार गाई, याकाच्या जातीची दोन दांडगी जनावरं आणि पंधरा-वीस मेंढ्या होत्या. खाली वर्षभराच्या शेणा-लेंड्यांचा जाड थर सावकाश कुजत होता आणि त्याची स्वतःची गरमी होती. दारापाशी थर्मामीटर पाच अंशांवर थांबलं. सुवर्णा दहा मिनिटं तिथेच उभी राहिली. काटा हलला नाही. वर निजखोलीत त्याच वेळी अडीच होतं.

"गोठ्यात?" डॉ. सबनीस फोनवर म्हणाले. "आणि जंतू?"

"एवढ्या थंडीत तेही झोपलेले असतात. प्रशिक्षणात तुम्हीच सांगितलं होतं."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर फोन लागला नव्हता असं समजा, सर."

ते हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

गावात हिवाळ्याला राहणारी सहा घरं. त्यांतले चौघे पुरुष फावडी घेऊन आले आणि त्यांनी कमरेइतक्या बर्फातून निद्रालय ते गोठा अशी चर खणली. छपराचा एक पत्रा काढला, त्याचं पुढचं टोक वर वळवलं, त्यावर गवत पसरलं, दोन्हीकडे दोर बांधले. एकेका माणसाला दोन रजयांत गुंडाळून पत्र्यावर ठेवायचं आणि दोर सैल सोडत उतारावरून खाली न्यायचं. वारा एवढा होता की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. पहिल्या होत्या नांदेडच्या निवृत्त मुख्याध्यापिका उत्तरवारबाई. झोपायच्या आधी त्यांनी दोन घट्ट वेण्या घालून घेतल्या होत्या, आणि पत्रा हलला तेव्हा त्यांतली एक रजईबाहेर येऊन बर्फावरून घसरत गेली. सुवर्णाने ती आत खोचली.

विश्वासला तिने तिसऱ्या खेपेला नेलं. पहिला नको, शेवटचाही नको, असा तिने हिशेब केला होता. कुणी काही म्हणणार नव्हतं तरीही. पण गोठ्यात जागा ठरवायची वेळ आली तेव्हा तो हिशेब टिकला नाही. सहाजणांना तिने दाराच्या बाजूला, पाच-साडेपाच अंशांत ओळीने निजवलं. विश्वासला आतल्या कोपऱ्यात नेलं. तिथे दहा दिवसांच्या वासराची गाय बांधलेली होती. तिचा श्वास त्या कोपऱ्यात साठून राहत होता. थर्मामीटर आठ दाखवत होतं. आठ चालतं, ती स्वतःशी म्हणाली. दोन दिवस ती धड झोपली नव्हती, आणि गारठलेल्या माणसाला ऊब मिळाली तर बरंच, एवढं साधं काहीतरी तिच्या मनात होतं. नवऱ्याच्या मानेखाली तिने स्वतःची शालही घातली.

संध्याकाळी वारा वाढला. अंगमोताईने शेजारच्यांच्या मेंढ्याही आत घेतल्या आणि दार आणि शेजारचा झरोका गवताने चोंदून टाकला.

गुरुवारी सकाळी सुवर्णा सगळ्यांपाशी एकेक करून बसली. उत्तरवारबाईंचा श्वास मिनिटाला दोन. पुढच्याचा दोन, त्यापुढच्याचाही दोन. सहाही जण थंडगार आणि ठीक होते. मग ती कोपऱ्यात गेली. विश्वासचा जबडा बारीक थरथरत होता. श्वास मिनिटाला सात. कोपऱ्यात अकरा अंश.

सुरू झालेली जाग उलटवता येत नाही. अंग अर्धं तापलेलं असताना पुन्हा गार केलं तर हृदय थांबतं. म्हणजे आता त्याला उठवायलाच हवं होतं, आणि यंत्र नव्हतं. यंत्राच्या आधीच्या काळातली रबरी पिशवी होती: तोंडावर मुखवटा धरायचा आणि हाताने पिशवी दाबून छातीत हवा भरायची.

कालच्या चौघांनी त्याला उचलून वर अंगमोताईच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी आणलं. तिघांना उठवायला पुरेल एवढं केरोसीन एका माणसासाठी बाहेर आलं. तासाभराने त्याचं सगळं अंग कापायला लागलं. चरबी जळत होती, हृदय चाळीसवर, मग साठवर गेलं. पण छाती त्या वेगाला पुरत नव्हती. ओठ निळे पडले. सुवर्णाने मुखवटा धरला आणि पिशवी दाबायला सुरुवात केली. एक, दोन, सोडा. एक, दोन, सोडा. तिची बोटं आखडली की अंगमोताई पिशवी घेई. अंगमोताई आकडे मोजत नव्हती, ओठांतल्या ओठांत काही मंत्र म्हणत होती. त्याची लय बरोबर जमत होती, म्हणून सुवर्णाने तिला तसंच करू दिलं. असे साडेतीन तास गेले.

मग एकदा पिशवी दाबण्याआधीच छाती वर आली. पुन्हा आली. सुवर्णाने मुखवटा दोन बोटं दूर धरून वाट पाहिली. तो स्वतः श्वास घेत होता, उथळ, पण स्वतः.

दुपारी त्याने डोळे उघडले. "एप्रिल?"

"नाही. जानेवारी. गुरुवार आहे."

त्याला समजायला वेळ लागला. मग त्याची नजर खिडकीकडे गेली आणि तिथेच राहिली. चार वर्षं या गावात राहून विश्वासने बर्फ पडताना कधी पाहिलं नव्हतं. नोव्हेंबरात तो झोपे तेव्हा डोंगर कोरडा तपकिरी असे, आणि एप्रिलमध्ये उठे तेव्हा कडेकपारीला काही मळके तुकडे शिल्लक असत.

"हे असं पडतं?" तो म्हणाला.

"चार दिवस पडतंय."

त्याने तिला उशी उंच करायला सांगितली.

शुक्रवारीही बर्फ थांबलं नाही. सुवर्णा गोठ्यात खेप टाकून येई, खालच्या सहांचं पाहून येई, आणि चुलीशेजारी बसे. दाराजवळच्या झरोक्यातलं गवत उपसून तिने गोठा सहाच्या आत आणला होता. दुपारी तिने ते सांगून टाकलं.

"बाकीच्यांना मी नीट ठेवलं. तुम्हालाच उबेला ठेवलं. म्हणून जागे झालात."

"बाकीचे ठीक आहेत?"

"ठीक आहेत."

"मग झालं." त्याने बराच वेळ घेतला, प्रत्येक वाक्यामागे त्याला दम गोळा करावा लागत होता. "तू हिवाळ्यात काय करतेस, सुवर्णा?"

तिला प्रश्नच कळला नाही. "काय करणार? काम."

"कामाव्यतिरिक्त. मी कधी विचारलं नाही."

तिने आधी काहीबाही सांगितलं: लोकर विणायला शिकले, रविवारी केतकीशी बोलते, अंगमोताईकडे पत्ते खेळायला येते पण दोघींत मजा येत नाही. मग ती थांबली. तिचे वडील, अप्पा, दुसऱ्या हिवाळ्यात गेले होते. रस्ता बंद होता, तिला जाता आलं नव्हतं. एप्रिलमध्ये विश्वास यंत्रावर असताना तिने त्याला एका वाक्यात सांगितलं होतं, आणि त्याने मान हलवली होती.

"अप्पा गेले तेव्हा काय केलंस?"

"फोन ठेवला आणि तुमच्या शेजारी येऊन बसले," ती म्हणाली. "हात धरायला गेले. पण इतका गार होता की धरवेना. मग नुसतीच बसले."

विश्वासने हात पुढे केला. चुलीजवळ असल्यामुळे तो चांगला गरम होता.

शनिवारी सकाळी आभाळ स्वच्छ झालं, आणि रविवारी हेलिकॉप्टर आलं. त्यातून नव्या बॅटऱ्या उतरल्या आणि डॉ. सबनीस स्वतः उतरले. गोठ्यात वाकून शिरताना त्यांनी डोकं तुळईवर आपटून घेतलं. सहाही जणांना तपासून ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या कोटाला लेंड्या चिकटल्या होत्या. "हे मला लिहून काढायला हवं," एवढंच ते म्हणाले. दुपारपर्यंत सहाजण पत्र्यावरून, या वेळी ओढत, परत निजखोलीत पोचले.

मग डॉ. सबनीस विश्वासपाशी बसले. जागं झाल्यापासून आठवड्याच्या आत पुन्हा शिशिरीन देता येतं, त्यांनी समजावलं. त्यानंतर शरीराला ते पुढच्या हिवाळ्यापर्यंत सोसत नाही. आत्ता झोपलात तर फार बिघडलेलं नाही. असेच हिवाळे झोपत राहिलात तर अजून दोन वर्षं, कदाचित थोडी जास्त. सलग जागे राहिलात तर वर्षही धरता येणार नाही.

"औषधाला किती?" विश्वासने विचारलं.

"साधारण तीन वर्षं."

"चार वर्षांपूर्वीही तीनच होती, डॉक्टर." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी झोपत नाही."

सुवर्णा चुलीपाशी उभी होती. तिने हातातला चिमटा खाली ठेवला. "तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही हे."

"ठरवत नाही. सांगतोय."

"चार हिवाळे मी कशासाठी काढले मग? पाच महिने बोलायला माणूस नाही. अप्पांना शेवटचं पाहिलं नाही. पोरगी दुसरीकडे वाढली. कशासाठी? तुम्ही राहावेत म्हणून."

"तेच तर," विश्वास म्हणाला. "हिवाळे तू काढलेस. मी कुठे होतो?"

डॉ. सबनीस उठून दुसऱ्या खोलीत गेले. सुवर्णाने फावडं घेतलं आणि छपरावर गेली. अंगमोताई वर होतीच. दोघींनी दोन तास बर्फ ढकललं. ऊन इतकं लख्ख होतं की डोळे उघडवत नव्हते, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यामुळेच असं अंगमोताई धरून चालली. एकदाच ती म्हणाली, "माझा माणूस डोंगरात गेला. सकाळी गेला, परत आला नाही. तुझा तुला विचारतोय तरी."

खाली आल्यावर सुवर्णाने कागद मागितला. नकारावर नातेवाइकाचीही सही लागत होती. तिने ती केली, आणि सबनिसांना म्हणाली, "श्वासाचं यंत्र मात्र इथेच राहू दे. बॅटरीसकट." ते राहिलं.

फेब्रुवारीत केतकीची परीक्षा होती. मार्चमध्ये रस्ता उघडताच येते म्हणाली. विश्वास दिवसभर अंगमोताईच्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसे आणि वीजघराच्या पाण्याचं तोंड पुढच्या वर्षी गोठू नये म्हणून काय करायचं ते सुवर्णाला तोंडी सांगून कागदावर काढून घेई. दुपारनंतर तिघं पाच-तीन-दोन खेळत. त्याने तो खेळ अंगमोताईला शिकवला आणि चौथ्या दिवसापासून ती जिंकायला लागली.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी पत्ते वाटून झाले आणि विश्वासच्या डाव्या हातातून सगळे पत्ते खाली सांडले. सुवर्णाने ते गोळा करून दिले. पुन्हा सांडले. त्याने बोटं मिटायचा प्रयत्न केला. अंगठा थोडा हलला, बाकीची बोटं हलली नाहीत. आधीच्या हिवाळ्यांत तक्त्यावरचा त्याचा आकडा महिनोनमहिने जागचा हलत नसे. आज ती हातभर अंतरावर बसून पाहत होती. तिने ती बोटं आपल्या हातात घेतली आणि थोडी चोळली. दोघांनाही माहीत होतं की त्याचा उपयोग नाही.

अंगमोताई उठली. सातूच्या पिठाने भरलेली परात आणून तिने विश्वासच्या पुढ्यात ठेवली, पीठ हाताने दाबून घट्ट केलं आणि त्याचे पत्ते एकेक करून, तोंड त्याच्याकडे, त्यात उभे खोचले. मग परत जागेवर जाऊन बसली.

विश्वासने पत्ते पाहिले. उजव्या हाताने त्यातला एक उपटून दुसरीकडे खोचला. जमत होतं.

"पाच हात कुणाला करायचेत?" त्याने विचारलं.

"तुम्हालाच," सुवर्णा म्हणाली. "हुकूम बोला."